ड्युअल बूटमध्ये डी ड्राइव्ह 'रीड-ओन्ली' होतो, फाइली गायब होतात: आधी काय तपासायचं

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत आणि खालचं काही दिसतंय, तर नवी हार्ड डिस्क घ्यायचा विचार जरा बाजूला ठेवा. इंदूरमध्ये लोकमान्यनगरच्या घरांपासून भंवरकुआँच्या होस्टेलांपर्यंत हा एकच बिघाड मी वर्षानुवर्षं काढत आलोय. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते.

लक्षणं

- लिनक्समध्ये डी ड्राइव्ह उघडतो, फाइली वाचता येतात, पण पेस्ट होत नाही, नवं फोल्डर बनत नाही. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असा निरोप येतो.
- ड्राइव्ह उघडतच नाही. टर्मिनलमध्ये 'विंडोज इज हायबरनेटेड, रिफ्यूज्ड टू माउंट' (माउंट म्हणजे ड्राइव्ह जोडून उघडणं) किंवा 'मेटाडेटा केप्ट इन विंडोज कॅश' दिसतं. लिनक्सच्या काही डिस्ट्रोंमध्ये (आवृत्त्यांमध्ये) नुसतंच 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' येतं. ते वाचून लोक घाबरतात आणि फॉरमॅटच्या बटणाकडे वळतात.
- लिनक्स सुरू होतानाच अडकतं आणि मग इमर्जन्सी मोडचा काळा पडदा येतो.
- लिनक्समधून डी ड्राइव्हवर ठेवलेली फाइल विंडोजमध्ये दिसत नाही. किंवा नाव दिसतं पण साइझ शून्य, आणि उघडायला गेलं की 'फाइल करप्टेड अँड अनरीडेबल'.
- विंडोज सुरू होताना वारंवार 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह' म्हणतं. डी ड्राइव्हवर 'फाउंड.०००' नावाचं फोल्डर उगवतं आणि त्यात भलत्याच नावांच्या फाइली असतात.

पहिली तीन लक्षणं असतील तर नुकसान सहसा झालेलं नसतं. लिनक्सनं धोका ओळखून हात आखडता घेतलाय, एवढंच. शेवटची दोन असतील तर लिहिण्याची गडबड होऊन गेलेली आहे आणि तुमचा रस्ता वेगळा आहे. हा फरक आधी करून घ्या, कारण पहिल्या गटाला जो उपाय बरोबर, तोच दुसऱ्या गटाला घातक ठरू शकतो.

हे होतं कशामुळे

२०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून 'शट डाउन' पूर्वीसारखं राहिलेलं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन दाबल्यावर विंडोज तुमचे प्रोग्रॅम बंद करतं, तुम्हाला लॉग-आउट करतं, पण स्वतःचं कर्नेल (सिस्टिमचा गाभा) बंद करत नाही. ते मेमरीतून उचलून सी ड्राइव्हवरच्या 'हायबरफिल.सिस' या फाइलीत ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथून परत उचलतं. म्हणजे तुमच्या लेखी कॉम्प्युटर बंद झाला, विंडोजच्या लेखी तो अर्धवट झोपला. आणि झोपताना त्यानं प्रत्येक ड्राइव्हचा हिशेब डोक्यात ठेवलेला असतो: कुठली फाइल कुठे आहे, कुठली जागा रिकामी आहे. फक्त सीचा नाही, डी आणि ई यांचाही.

समजा एका दुकानात दोन मुनीम आहेत आणि खातेवही एकच. पहिला मुनीम शिल्लक तोंडपाठ करून जेवायला गेला. दुसऱ्यानं तेवढ्यात वहीत चार नोंदी केल्या. पहिला परत आला, वही न बघता डोक्यातल्या आकड्यावरून पुढे लिहू लागला. आता ती वही कुणाच्याच उपयोगाची नाही. लिनक्सनं डी ड्राइव्हवर लिहिलं आणि मग विंडोज झोपेतून उठलं, तर नेमकं हेच होतं. लिनक्सनं 'रिकामी' म्हणून वापरलेली जागा विंडोजच्या हिशेबी अजून रिकामीच असते. त्यावर ते बिनधास्त दुसरं काहीतरी लिहितं.

म्हणून लिनक्स जेव्हा रीड-ओन्ली म्हणतं तेव्हा तो बिघाड नसतो, ती राखण असते. नेटवर 'ही कमांड टाका, लगेच रीड-राइट होईल' असे उपाय ढिगानं मिळतात. ते राखणदारालाच हाकलतात.

तपासणी १: कॉम्प्युटर बंद कसा केला होता?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. आणि बहुतेक केसेस इथेच संपतात.

पण ही तपासणी फक्त पहिल्या गटासाठी, म्हणजे लिनक्समधून अजून काही लिहिलं गेलेलं नसेल तर. विंडोजमध्ये जा, उघडं काम सेव्ह करा आणि 'शट डाउन' नाही, 'रीस्टार्ट' दाबा. ग्रबचा मेनू (कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा पडदा) आला की लिनक्स निवडा. आता डी ड्राइव्हवर एक रिकामं फोल्डर बनवून बघा. बनलं? मग गुन्हेगार सापडला.

असं का, तर रीस्टार्टमध्ये विंडोज फास्ट स्टार्टअप वापरत नाही, पूर्ण बंद होऊन मगच परत सुरू होतं. ऐकायला उलटं वाटतं, पण ड्युअल बूटवाल्यासाठी रीस्टार्ट हेच खरं शट डाउन. शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक केलं तरी त्या एका वेळेपुरतं पूर्ण बंद होतं.

तुमच्या विंडोजला शेवटची खरी सुरुवात कधी मिळाली हे बघायचंय? टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू, आणि 'अप टाइम'चा आकडा वाचा. रोज रात्री शट डाउन करणाऱ्याच्या मशीनवर तिथे दहा-बारा दिवस दिसले की समजायचं, मधल्या काळात ते एकदाही पूर्ण बंद झालेलं नाही. अजून पक्का पुरावा हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टिम लॉगमध्ये कर्नेल-बूटचा इव्हेंट २७ शोधा. बूट टाइप ०एक्स० असेल तर पूर्ण सुरुवात, ०एक्स१ म्हणजे फास्ट स्टार्टअप, ०एक्स२ म्हणजे हायबरनेशनमधून (सगळी मेमरी डिस्कवर ठेवून घेतलेल्या झोपेतून) उठलेलं. ग्राहकाशी वाद घालण्यापेक्षा मी हा इव्हेंट उघडून दाखवतो.

तपासणी २: कुणी 'स्लीप' केलं होतं का?

हे इंदूरच्या पावसाळ्यात फार होतं, आणि फास्ट स्टार्टअप बंद करूनही तक्रार परत आली तर आधी इथे बघावं.

राजेंद्रनगरमध्ये एक काकू आहेत, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात, हिशेब टॅलीत ठेवतात. त्याच डेस्कटॉपवर त्यांचा मुलगा कॉलेजसाठी उबुंटू वापरतो. मुलगा म्हणतो आईनं बंद केला नाही, काकू म्हणतात, "अरे, मी रोज बंद करते, पडदा काळा होतो ना!" मी विचारलं, "काकू, कुठलं बटण दाबता ते दाखवा बरं." त्यांनी कीबोर्डवरचं चंद्रकोरीचं बटण दाखवलं. ते स्लीपचं.

नुसत्या स्लीपमध्ये मेमरीला वीज मिळत राहते. पण बऱ्याच डेस्कटॉपवर 'हायब्रिड स्लीप' आधीपासून चालू असतं, म्हणजे झोपताना मेमरीची एक प्रत हायबरफिलमध्येही लिहून ठेवली जाते. मध्येच लाइट गेली, यूपीएसनं मान टाकली, की मेमरीतलं पुसलं जातं आणि मागे उरतं ते पूर्ण हायबरनेट झालेलं विंडोज, उघड्या टॅलीसकट. लाइट आल्यावर मुलगा पॉवर बटण दाबतो, ग्रब येतो, उबुंटू निवडतो. दोघांनीही चुकीचं काहीच केलेलं नाही, तरी डी ड्राइव्ह धोक्यात.

लॅपटॉपमध्ये हीच गोष्ट वेगळ्या वाटेनं येते. झाकण लावून बॅगेत टाकला, बॅटरी अगदी तळाला गेली, की विंडोज आपोआप हायबरनेट होतं.

बघायचं कसं? कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /ए' (powercfg /a) टाका. या मशीनवर हायबरनेट, हायब्रिड स्लीप आणि फास्ट स्टार्टअप यांपैकी काय काय उपलब्ध आहे याची यादी येते. ती वाचल्याशिवाय पुढची पायरी करू नका, नाहीतर एक दार लावाल आणि दुसरं उघडंच राहील.

तपासणी ३: झोपेची सोयच काढून टाका

सौम्य उपाय: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू'. तिथे वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबल्याशिवाय खालचे चौकोन हलत नाहीत, बरेच जण इथेच अडकतात. 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'वरची खूण काढा, सेव्ह करा.

पक्का उपाय: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' (powercfg /h off). यानं हायबरनेशन, हायब्रिड स्लीप आणि फास्ट स्टार्टअप तिन्ही एकदम जातात, हायबरफिलही पुसली जाते. ती फाइल एरवी रॅमच्या साधारण ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅमच्या मशीनवर सी ड्राइव्हची सहाएक जीबी जागा मोकळी होते. माझा कौल यालाच. एसएसडी असेल तर सुरू व्हायला लागणारा जास्तीचा वेळ बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

लॅपटॉपवाल्यांनी एक जास्तीचं काम करायचं. हायबरनेट गेल्यावर 'क्रिटिकल बॅटरी ॲक्शन'मध्ये 'शट डाउन' निवडलेलं आहे का ते बघा. नाहीतर बॅटरी संपली की मशीन धाडकन बंद पडेल आणि फाइल सिस्टिमचं नुकसान दुसऱ्या कारणानं होईल.

बदल केल्यावर एकदा पूर्ण बंद करून मगच लिनक्समध्ये जा. आणि विंडोजचं मोठं अपडेट आलं की फास्ट स्टार्टअपची खूण परत लागलेली मी पाहिलीय, तेव्हा अपडेटनंतर एकदा नजर टाका.

तपासणी ४: लिनक्स नेमकं काय म्हणतंय?

टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज' (sudo dmesg) टाकून शेवटच्या ओळी वाचा. २०२१ मध्ये कर्नेल ५.१५ सोबत विंडोजचे एनटीएफएस ड्राइव्ह हाताळणारा एनटीएफएस३ नावाचा नवा ड्रायव्हर आला. तो 'व्हॉल्यूम इज डर्टी अँड फोर्स फ्लॅग इज नॉट सेट' (डर्टी म्हणजे नीट बंद न झालेला) म्हणून ड्राइव्ह उघडायला नकार देतो, आणि वर डेस्कटॉपवर दिसतो तो 'बॅड सुपरब्लॉक'वाला भीतिदायक निरोप. जुना एनटीएफएस-३जी जास्त समजूतदारपणे बोलतो: 'फॉलिंग बॅक टू रीड-ओन्ली माउंट'. नावं दोन, सल्ला एकच. विंडोजमध्ये जा, पूर्ण बंद करून या.

इथे तीन गोष्टींना हात लावू नका:

'फोर्स' पर्याय. तो झोपलेल्या विंडोजच्या नाकाखाली लिहायला परवानगी देतो.

'एनटीएफएसफिक्स'. नावामुळे फसगत होते. ही चेकडिस्क (ड्राइव्ह तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं साधन) नाही. थोड्या प्राथमिक गोष्टी नीट करते, जर्नल (बदलांची नोंदवही) रिकामं करते आणि विंडोजनं पुढच्या वेळी तपासणी करावी अशी खूण ठेवते. '-डी' लावलं तर डर्टी खूणही पुसते, म्हणजे दुखणं तसंच आणि थर्मामीटर फेकून दिलेला.

'रिमूव्ह_हायबरफाइल'. याचा एक उचित उपयोग आहे, तो पुढे येतो. रोजच्या माउंटमध्ये हा पर्याय कायमचा लिहून ठेवलेली मशीन्स मी पाहिली आहेत. तिथे खरंच हायबरनेट केलेलं काम एक दिवस न विचारता जातं.

इमर्जन्सी मोडमध्ये अडकत असाल तर एफएसटॅब (fstab, सुरुवातीला कुठले ड्राइव्ह उघडायचे त्याची यादी) फाइलीत डी ड्राइव्हच्या ओळीत 'नोफेल' (nofail) घाला. डेटा ड्राइव्ह रुसला म्हणून अख्खं लिनक्स अडून बसायची गरज नाही.

लिहिलं गेलंच असेल तर

आता दुसरा गट. शेवटची दोन लक्षणं विंडोजमध्ये आधीच दिसली असतील तर विंडोज उठून गेलंय, थेट तपासणी ५ कडे जा. इथे बोलतोय ते त्याआधीच्या अवस्थेबद्दल. कुणीतरी फोर्स लावून डी ड्राइव्हवर लिहिलंय आणि विंडोज अजून झोपेतून उठलेलं नाही. या वेळी विंडोज नेहमीसारखं सुरू करू नका. ते उठलं की जुन्या हिशेबानं लिहायला लागेल, आणि खरी नासधूस त्या क्षणी होते.

आधी लिनक्समधून ड्राइव्ह रीड-ओन्ली उघडून महत्त्वाचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा. मग विंडोजची साठवलेली झोप टाकून द्यायची: सी ड्राइव्ह (डी नव्हे, हायबरफिल सीवर असते) एनटीएफएस-३जीनं 'रिमूव्ह_हायबरफाइल' (remove_hiberfile) पर्याय देऊन एकदा माउंट करायचा आणि लगेच अनमाउंट करायचा. फास्ट स्टार्टअपची झोप असेल तर तुमचं उघडं काम त्यात नसतंच. पूर्ण हायबरनेट असेल तर सेव्ह न केलेलं जाईल. ते गेलेलं परवडतं. यानंतर विंडोज नव्यानं सुरू होईल, तिथून पुढची पायरी.

तपासणी ५: चेकडिस्क, पण त्याआधी डिस्कची तब्येत

चेकडिस्क डिस्कवर भरपूर वाचन-लेखन करते. डिस्कच मरायला टेकलेली असेल तर या धावपळीत ती मरते. म्हणून आधी स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा ठेवते तो हिशेब) बघा, विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा लिनक्समध्ये स्मार्टसीटीएल वापरून. 'रीॲलोकेटेड' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' (खराब ठरलेले आणि संशयित तुकडे) यांचे कच्चे आकडे शून्य असतील तर पुढे जा. पेंडिंग वाढत असेल तर इथेच थांबा.

आधी 'चेकडिस्क डी: /स्कॅन' (chkdsk D: /scan). यात ड्राइव्ह चालू असतानाच तपासणी होते आणि किती गडबड आहे याचा अंदाज येतो. मग महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर आहे याची खात्री करून 'चेकडिस्क डी: /एफ' (chkdsk D: /f). क्रम असाच ठेवा, कारण चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं आहे, तुमची फाइल वाचवणं नाही. ज्या नोंदी जुळत नाहीत त्या ती तोडते आणि उरलेले तुकडे 'फाउंड.०००'मध्ये टाकते. त्या तुकड्यांत फोटो किंवा पीडीएफ कधीकधी एक्स्टेन्शन बदलून उघडतात. हिशेबाच्या फाइलींची आशा कमी.

'/आर' सरसकट लावू नका. तो प्रत्येक सेक्टर वाचतो. १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर तासन्‌तास जातात आणि आपल्या या बिघाडात त्याचा काही उपयोगही नसतो.

उलटी बाजू: लिनक्स झोपलेलं असेल तर

याबद्दल कमी बोललं जातं. लिनक्सही हायबरनेट होतं, आपली मेमरी स्वॅपमध्ये (डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेत) ठेवून. डी ड्राइव्ह उघडा असताना लिनक्स हायबरनेट केलं आणि विंडोजमध्ये जाऊन त्यावर लिहिलं, तर गोंधळ तोच, फक्त मुनीमांची अदलाबदल. इथे विंडोज तुम्हाला अडवतही नाही.

दोन लिनक्स असतील आणि स्वॅप एकच असेल तर पहिल्याची झोप दुसरं पुसून टाकू शकतं. आणि एक बारीक गोष्ट, जी अनुभवी लोकांनाही चकवते: हायबरनेट झालेल्या लिनक्सचं एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशन लाइव्ह पेनड्राइव्हवरून 'नुसतं वाचायला' उघडलं तरी त्यावर लिहिलं जातं. जर्नलमध्ये अर्धवट नोंदी असतील तर रीड-ओन्ली माउंटही आधी त्या पूर्ण करतं. खरोखर स्पर्श न करता वाचायचं असेल तर 'नोलोड' (noload) पर्याय लागतो. असं काही होऊन गेलं असेल तर त्या लिनक्सला झोपेतून उठवू नका. ग्रबमध्ये 'ई' दाबून कर्नेलच्या ओळीत 'नोरिझ्यूम' (noresume) घाला, म्हणजे ते साठवलेली झोप सोडून ताजं सुरू होईल.

बाहेरच्या यूएसबी डिस्कलाही हे लागू आहे. विंडोज 'शट डाउन' केलं, डिस्क काढली, टीव्हीला किंवा दुसऱ्या लॅपटॉपला लावली, काही डिलीट केलं, परत आणून लावली. ड्युअल बूट नसतानाही हा बिघाड ओढवून घेता येतो. 'इजेक्ट' करून मगच काढा.

हा बिघाडच नसेल तर

लिनक्समध्ये ड्राइव्हवर कुलपाचं चिन्ह दिसून ४८ आकडी रिकव्हरी की मागत असेल तर ते बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारं साधन) आहे, हायबरनेशन नाही. की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असायला हवी. ती कागदावर उतरवल्याशिवाय बायोसमध्ये सिक्युअर बूटला हात लावू नका. आणि लिनक्सला डिस्क दिसतच नसेल तर बायोसमधलं इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळण्याच्या सेटिंग) बघावं लागतं. ते बदललं की विंडोज सुरू न होण्याची शक्यता असते, म्हणून जाणकाराशिवाय नको.

कुठे थांबायचं

डिस्कमधून टकटक आवाज येतोय. पेंडिंग सेक्टर रोज वाढतायत. विंडोज ड्राइव्हला 'रॉ' (न ओळखता येणारा) म्हणतंय किंवा 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क' विचारतंय. चेकडिस्क अर्ध्यात थांबतेय. यांपैकी काहीही असेल आणि डेटाची दुसरी प्रत नसेल, तर मशीन बंद करा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करणं म्हणजे जे शोधायचंय त्याच्यावरच लिहिणं. एसएसडी असेल तर अजून घाई करा, कारण ट्रिममुळे मोकळी ठरलेली जागा डिस्क स्वतःच पुसते आणि मग कुणालाच काही काढता येत नाही.

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीवाले पुष्कळ मिळतील, पण विंडोज टाकून देणारा वेगळा आणि डेटा काढणारा वेगळा. जाताना दोन प्रश्न विचारा: आधी पूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घेणार का, आणि काम मूळ डिस्कवर करणार की इमेजवर? 'बघू, आधी चेकडिस्क मारून बघतो' असं उत्तर आलं तर डिस्क उचलून दुसरीकडे जा. डिस्क देताना त्यांना एवढं लिहून द्या: दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिमची नावं, शेवटी कुठली चालू होती, ती कशी बंद झाली, त्यानंतर कुठल्या कमांड चालवल्या, आणि बिटलॉकर असेल तर त्याची की.